हात मागणारी आंटी

आमच्या वर्गात मुलींची संख्या विषम होती, आणि जोड्या लावल्यावर उरणारी एक नेहमी मी असायचे.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत मॅडम "पेअर्स!" म्हणायच्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जोड्या लागायच्या. केरळच्या मुली केरळच्या मुलींबरोबर, मणिपूरच्या मणिपूरच्यांबरोबर, कोलार-तुमकूरकडच्या आपापसात. एकीने पलंगावर पेशंट होऊन झोपायचं, दुसरीने नर्स व्हायचं, मग अदलाबदल. सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या. चाळिशी उलटलेल्या बाईला पेशंट करून तिचे पाय पुसायला कोण तयार होणार? त्यांना संकोच वाटायचा आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला पुतळा यायचा.

पुतळा होता माणसाएवढाच. प्लास्टिकचा, गव्हाळ रंगाचा, एका हाताची करंगळी तुटलेली. त्याचं पोट उघडता येत असे, आणि डॉक्टरांना लागतील ते सगळे अवयव आत होते. नाडी मात्र नव्हती. नाडी मोजायचा धडा आला तेव्हा बाकीच्या मुली एकमेकींची मनगटं धरून घड्याळाकडे बघत बसल्या आणि मी पुतळ्याचं मनगट धरून बसले. मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आंटी, आप सेव्हंटी टू लिख दो." मी लिहिलं. पुढेही लिहीत गेले. माझ्या पेशंटची तब्येत इतकी ठणठणीत राहिली की कुठल्याही डॉक्टरने तोंडात बोटं घातली असती.

मी त्याच्याशी मराठीत बोलायचे. "हं, आता कुशीवर वळा बघू," असं म्हणून त्याला वळवायचे. कुणी बघत नसलं की इकडचं-तिकडचंही सांगायचे. त्याने मला कधी मध्येच तोडलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

मी तिथे कशी पोचले हे आधी सांगते. माझे यजमान एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. लग्न होऊन मी बंगळुरात आले ती कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथे शेजारी मराठी, हळदीकुंकू मराठी, गणपतीही मराठी. त्यामुळे इतकी वर्षं या गावात काढूनही माझं कन्नड भाजीवाल्यापुरतंच राहिलं. 'स्वल्प कम्मी माडी' म्हणजे जरा कमी करा, 'सरी' म्हणजे बरं, अशा पाच-दहा शब्दांवर माझा प्रपंच चालला. बँक, शाळा, गॅस, प्लंबर, सगळीकडे हे बोलायचे. हे गेले तेव्हा घरातलं कन्नडही त्यांच्याबरोबर गेलं. क्वार्टर सोडावं लागलं, आणि के. आर. पुरमला आधी घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहायला आले. मुलगी तोवर गुरुग्रामला नोकरीला लागली होती.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही म्हणून मी सांगते. घरातलं माणूस गेल्यावर आपल्या अंगाला हात लागायचा बंद होतो. सुरुवातीला आल्यागेल्यांनी मिठ्या मारल्या, पाठीवरून हात फिरवले. मग तेही संपलं, आणि संपणारच होतं, त्यात कुणाची चूक नाही. पण एक दिवस बसमध्ये शेजारची अनोळखी बाई झोपेत माझ्या खांद्यावर कलंडली, आणि तिला जाग येऊ नये म्हणून मी माझा स्टॉप जाऊ दिला. हेब्बाळच्या पुढे उतरून परतीची बस शोधत असताना मला माझीच लाज वाटली आणि रागही आला. त्याच स्टॉपसमोर एका इमारतीवर पाटी होती: प्रॅक्टिकल नर्सिंग, एक वर्षाचा कोर्स. खाली बारीक अक्षरात, वयाची अट नाही. मी जिना चढले.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती ओरडलीच. "आई, तू लोकांचे बेडपॅन उचलणार?"

"तुझी दुपटी धुतली तेव्हा कुठे कोर्स केला होता," मी म्हणाले. विषय तिथेच संपला. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

तर काही महिने पुतळ्याबरोबर काढल्यावर आम्हाला खऱ्या वॉर्डात नेलं. जवळच्याच एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये पहिली पोस्टिंग. प्रत्येकीला एकेक पेशंट नेमून दिलेला, आणि पोस्टिंगच्या शेवटी परीक्षा. त्या पेशंटला पलंगावरच आंघोळ घालायची, म्हणजे स्पंज बाथ द्यायचा, आणि मॅडम पायथ्याशी उभ्या राहून बघणार. जमलं तर पुढे वॉर्डाची रोजची ड्यूटी. नाही जमलं तर परत प्रात्यक्षिकाच्या खोलीत, पुढच्या बॅचबरोबर. बाकीच्या मुलींसाठी परत जाणं म्हणजे नव्या जोडीदारणी. माझ्यासाठी परत जाणं म्हणजे पुतळा. मी मनाशी ठरवलं होतं की परत पाठवलं तर मी कोर्सच सोडून घरी बसेन. आणि घरी बसणं म्हणजे काय ते मला पुरेपूर ठाऊक होतं.

माझ्या वाट्याला आल्या त्या अज्जी. आपली आजी तीच त्यांची अज्जी, तेवढा एक शब्द तरी मला ओळखीचा होता. होसकोटेच्या बाजूच्या कुठल्याशा खेड्यातल्या. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली, कान अधू झालेले, आणि जीभ मात्र शाबूत. सून सोबतीला असायची, पण दिवसातला निम्मा वेळ ती औषधांच्या नाहीतर कागदांच्या रांगेत. अज्जी कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. आधीच्या कुठल्यातरी विद्यार्थिनीने लुळा हात ओढला होता म्हणे. तेव्हापासून पांढरा एप्रन दिसला की त्या "बेडा, बेडा" करून उजव्या हाताने हाकलायच्या. नको, नको.

पहिल्या दिवशी मी हसतमुखाने गेले. पुस्तकात तसंच सांगितलं होतं. मग पुतळ्याचा उचलायचे तसा मनगटाखाली धरून त्यांचा डावा हात उचलला. पुतळ्याचा हात एकसंध वर यायचा, कोपरात अडकून. माणसाचा तसा येत नाही. मनगट वर आलं आणि बाकीचा हात खांद्यापासून खाली लोंबला. अज्जी अशा किंचाळल्या की अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मॅडम धावत आल्या. त्यांनी हात अलगद खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आंटी, ये प्लास्टिक नहीं है."

मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्या बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. घरी येईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना चांगलं खडसावलं. तुम्हीच मला प्लास्टिक दिलंत, बाई. माझ्या हातात दुसरं काय ठेवलंत कधी? घरी येऊन कुलूप उघडलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून माझाच डावा हात उजव्या हाताने उचलून बघितला. पण आपला हात आपल्याला मदत करतो, त्याचं वजन कळत नाही. त्या घरात दुसरा हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अज्जींच्या पलंगापासून चांगली हातभर लांब उभी राहिले. त्या माझ्याकडे बघून बरंच काही बोलल्या. वेगाने, गावाकडच्या कन्नडमध्ये, आणि दात नसलेल्या तोंडाने. मला ओ की ठो कळेना. सून जवळ नव्हती. मी गोंधळले आणि गोंधळलं की माणूस आपल्याच भाषेवर येतं. कमी ऐकू येतं म्हणून वाकून, जरा मोठ्याने विचारलं, "काय?"

अज्जी बोलायच्या थांबल्या. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि उजवा हात पुढे केला.

मला वाटलं, पाणी हवंय. दिलं, तर नको. चष्मा दिला, तोही नको. हात तसाच पुढे. मी पुन्हा विचारलं, "अहो, काय? काय?" त्यांनी हात आणखी लांब केला, आता जरा वैतागून. जणू म्हणत होत्या, हात दिलाय की, आणखी किती देऊ? शेवटी काहीच सुचेना म्हणून मी तो धरला. कोरडा, खरखरीत, ऊन हात. तो धरल्यावर अज्जींचा वैताग उतरला.

तेवढ्यात सून आली. मी तिला मोडक्या हिंदीत विचारलं की तुझ्या सासूबाई मघापासून काय मागताहेत? तिने सासूला विचारलं, सासूने सांगितलं, आणि ती बाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "वो नहीं माँगा. तुम माँगा! तुम कै बोला, वो दिया."

कै म्हणजे हात. बाजारात काई म्हणजे नारळ एवढं मला माहीत होतं. पण भाजीवाल्याकडे हातापर्यंत विषय कधी गेला नव्हता. म्हणजे मी त्या पलंगाशी वाकून, मोठमोठ्याने, पोलिसासारखी ओरडत होते: हात! हात! आणि त्या बिचाऱ्या देत होत्या. सुनेने ही गोष्ट शेजारच्या पलंगाला सांगितली, तिथून ती वॉर्डभर झाली, आणि दुपारच्या डब्यापर्यंत आमच्या मुलींमध्ये. पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसले. हसणं संपल्यावर मात्र त्या पुन्हा आपापल्या भाषांमध्ये वळल्या. मी माझा डबा संपवला.

तिसऱ्या दिवशी मला गुपित कळलेलं होतं, आणि मी ते बिनदिक्कत वापरलं. अज्जींपाशी जाऊन म्हटलं, "कै?" हात आला. नाडी मोजली, पहिल्यांदाच खरी. पुतळ्याच्या बहात्तरच्या जवळपासही नव्हती. मधेच अडखळायची आणि पुन्हा चालू लागायची. मी मोजायचं विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग चिमटा काढल्यासारखं एक मनात आलं: डाव्या हाताचं काय करायचं? परीक्षेत दोन्ही हात धुवावे लागतात. मी त्या लुळ्या हाताकडे नुसतं बघितलं, हात लावला नाही, आणि पुन्हा विचारलं, "कै?"

अज्जींना कळलं. त्यांनी थोडा विचार केला. मग उजव्या हाताने स्वतःचा डावा हात कोपराखालून उचलला, पोटावरून इकडे आणला आणि माझ्या दोन्ही तळव्यांवर ठेवला. तो जड होता. इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. तान्ह्या मुलाचं डोकं जसं आपल्या हातात पूर्ण येतं, आपण सोडलं तर पडेल असं, तसा तो हात होता. कुठे आधार द्यायचा हे त्यांच्या उजव्या हाताने मला दाखवून दिलं होतं: कोपर आणि मनगट, दोन्हीकडे. मला रडू फुटलं. ते कौतुकाचं वगैरे नव्हतं. कुणीतरी आपलं अंग माझ्या हवाली केलं, याचं होतं.

मॅडमनी लांबून बघितलं असावं. जाताना एवढंच म्हणाल्या, "कै नहीं, आंटी. कै कोडी बोलो. रिस्पेक्ट से." हात द्या. ते मी बसमध्ये पुटपुटत घरी गेले.

परीक्षेचा दिवस आला. पडदा ओढलेला, स्टूलवर ऊन पाण्याचं घमेलं, साबण, कपडे, टॉवेल. मॅडम पायथ्याशी. हातांना काम माहीत होतं. आधी डोळे, नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, मान. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी अंगावर चादर. "कै कोडी, अज्जी." उजवा हात आला. मनगटापासून खांद्याकडे पुसत नेला, कोरडा केला, चादरीखाली ठेवला. मग त्यांनी स्वतःहून डावा उचलून दिला. मी घमेलं पलंगावर घेतलं आणि त्यांचा पंजा पाण्यात सोडला. असं करायची मुभा असते, बरं वाटतं पेशंटला. मिटलेली बोटं ऊन पाण्यात हळूहळू सैल झाली. एकेक बोट साबणाने धुतलं, पुसलं, टॉवेलमध्ये गुंडाळून टिपलं.

आता तो हात चादरीखाली ठेवून पायांकडे वळायचं होतं. मला तेवढं करता येईना. हात कोरडा झाला होता, काम झालं होतं, आणि मी तो धरून बसले होते. मला दिसत होतं की मॅडम बघताहेत. मला माहीत होतं की पाणी निवतंय, की असा एकेक क्षण माझ्या विरुद्ध जमा होतोय, की याच घोळापायी मी परत त्या खोलीत जाईन. सगळं कळत होतं आणि बोटं सुटत नव्हती.

"आंटी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "नेक्स्ट."

अज्जींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "निंगे यारू इल्वेनम्मा?"

त्यांचं पूर्ण वाक्य मला पहिल्यांदाच कळलं. भाजीवाल्याच्या कन्नडातही 'यारू' म्हणजे कुणी असतं आणि 'इल्ला' म्हणजे नाही असतं. तुला कुणी नाही का गं?

मॅडमना वाटलं मला समजलं नाही. त्या सांगायला पुढे झाल्या, पण मी मान हलवली. मला मुलगी आहे, सोन्यासारखी. सांगलीला भाऊ आहे. लग्नकार्यात आमंत्रणं येतात, मोबाइलवर चार-चार ग्रुप आहेत. जो कुणी विचारेल त्याला मी हे सगळं धडाधड सांगते, समोरच्याने कीव करायच्या आत. पण ते कन्नडमध्ये सांगण्याइतके शब्द माझ्याजवळ नव्हते. होता तो एकच शब्द.

"इल्ला, अज्जी," मी म्हणाले.

हे गेल्यापासून मी हे मराठीत कुणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. अज्जींनी काही समजूत वगैरे काढली नाही. "हं," एवढंच म्हणाल्या, जसं एखाद्याने गावाचं नाव सांगावं आणि ते आपल्याला माहीत असावं. मग मी हात चादरीखाली ठेवला, नवं पाणी आणलं, पाय धुतले, पाठ धुतली, स्वच्छ कपडे चढवले. काहीही विसरले नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडम भिंतीकडे बघत बोलल्या. पाणी वेळेवर बदललं नाही. मधे फार थांबलात. पेशंटशी बोलणं चांगलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पास है, आंटी. सोमवार से ड्यूटी." आणि घाईघाईने दुसऱ्या पलंगाकडे गेल्या.

मी पास झाले होते. बसमध्ये मला कुणालातरी धरून हलवावंसं वाटत होतं. शेजारी एक कॉलेजातला मुलगा कानात वायर घालून बसला होता, त्याला वाचवलं. के. आर. पुरमच्या पुलाखाली उतरले, घरी आले, चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत मुलीचा फोन आला.

"झाली परीक्षा?"

"पास झाले."

ती किंचाळली. मग नेहमीसारखी सुरू झाली. तिच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणींना सांगते म्हणे, त्या माझ्या फॅन आहेत. रविवारी सगळ्या मिळून कुठे गेल्या, कोण काय खाऊन आजारी पडलं, कुणाचं कुणाशी बिनसलं. मी ऐकत होते, हं हं म्हणत होते. शेवटी तिने रोजचंच विचारलं, "बाकी मजेत ना तू?"

रोजचं उत्तर तयार होतं. ते मी दिलं नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "मला इथे कुणी नाही."

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला. वाटलं, कशाला बोललो आपण. पोर लांब आहे, तिच्या जिवाला घोर कशाला? काहीतरी विनोद करून सावरून घ्यावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा आवाज आला. इतका बारीक की मला तो तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसानंतर ऐकल्याचं आठवत नाही.

"आई, मलापण नाही."

मग तिने सांगितलं: ज्या मैत्रिणींचे किस्से ती मला सांगत होती, त्या तो फ्लॅट सोडून केव्हाच निघून गेल्या होत्या.